नाट्यगृहात लेकरू लपवताना

प्रयोग संपला की खुर्च्यांखालून काय काय निघतं ते मला विचारा. एका पायातलं पैंजण, शेंगांची टरफलं, कुणाचा एसटीचा पास, एकदा तर दातांची कवळी! लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि मी झाडू घेऊन आत शिरते. वस्तू सापडली की ऑफिसात जमा करते. पण रोज एखादी गोष्टही सापडते, ती कुठं जमा करायची? तीन वर्षांत एवढ्या साठल्यात की शेजारच्या बायका नळावर विचारतात, "आज काय झालं गं?"

आज काय झालं म्हणजे, आज पोरगी साहेबांना दिसली का!

ते आधी सांगते. सांगलीतल्या एका नाट्यगृहात मी झाडलोट करते. माहेर तासगाव, सासर कवठे महांकाळ. आमचे हे द्राक्षांच्या गाडीवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस घरी नसतात. खोलीत आम्ही दोघीच, मी आणि आरोही. ती साडेचार वर्षांची. बालवाडी बाराला सुटते, माझं काम एकला सुरू होतं. मग तिला ठेवायचं कुठं? बरोबर नेते.

मॅनेजर साहेबांनी पहिल्याच महिन्यात ठणकावलं होतं. "बाई, इथं उघड्या वायरी आहेत, खिळे आहेत, वरनं लाईटचे बार खाली येतात. पोरगी परत दिसली तर उद्यापासून दुसरी बाई बघतो!"

आणि फोनवर सासूबाई. "नोकरी कर न्हाईतर सोड, पर पोरीला हिकडं माझ्याजवळ पाठव."

म्हणजे साहेबांना ती दिसली की एकतर पगार गेला, नाहीतर लेक गेली. आणि खरं सांगू का, साहेब काही चुकीचं बोलले नव्हते. त्यांचं खरं होतं, म्हणून तर जास्त भीती वाटायची. वर काही खट्ट वाजलं तरी माझ्या हातातला झाडू थांबतो.

*

तिला लपवायला मला दोन माणसं मिळाली. एक तानाजीमामा. मिलिटरीतून रिटायर झालेले. पडदा ओढायचा आणि घंटा द्यायची हे त्यांचं काम. दुसरे लाईटवाले चौगुले आप्पा. गरीब स्वभाव, खिशात कायम भडंगाची पुडी.

मामांचा नियम एकच. तिसरी घंटा दिली की संपलं. मग विंगेतून कुणी हलायचं नाही, शिंकायचं नाही, रंगमंचावर ज्याचं काम आहे त्यानंच जायचं.

एकदा एका कार्यक्रमाला मोठे पाहुणे येणार होते. दीपप्रज्वलन त्यांच्याच हातनं. वेळ झाली, पाहुण्यांचा पत्ता नाही. साहेब घामाघूम होऊन आत आले. "मामा, दहा मिनिटं थांबा! रस्त्यात आहेत!"

मामा घड्याळ बघत म्हणाले, "साहेब, बॉर्डरवर मला कुणी दहा मिनिटं थांब म्हणालं न्हाई." आणि दिली तिसरी घंटा!

नाटक सुरू झालं. पाहुणे आले ते अंधारात चाचपडत खुर्चीत बसले. समईला वात लागली ती मध्यंतरात.

मी आरोहीला पदराखाली घेऊन विंगेच्या कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं, हा माणूस एवढ्या मोठ्या पाहुण्यांसाठी थांबत नाही, उद्या माझ्या पोरीवर काही प्रसंग आला तर थांबेल का?

*

माझं अक्षर बरं आहे म्हणून साहेबांनी बाहेरचा फळा माझ्याकडं दिला. 'आगामी कार्यक्रम'. सांगलीत गाणं-नाटकाला तोटा नाही. कधी बालनाट्य, कधी चित्रांचं प्रदर्शन, कधी लावणी. साहेब कागद देतात, मी बघून खडूनं लिहिते. शाळा सातवीतच सुटलेली, त्यामुळं प्रत्येक ओळ तीनदा वाचते.  आपल्या हातनं चुकलं तर सगळं गाव चुकेल!

आणि चुकलंच. शुक्रवारचं शनिवारी लिहिलं, शनिवारचं शुक्रवारी. शुक्रवारी विनोदी नाटक बघायला म्हणून बायकापोरांसकट हॉल भरला, आणि पडदा उघडला तर समोर दोन तंबोरे!

गाणारे गुरुजी एकदम खूश. "एवढे रसिक मी कुठं बघितले नाहीत!" म्हणाले आणि अर्धा तास जास्तच गायले. लोकांना उठायची लाज वाटली. बाहेर पडताना एक आजोबा बायकोला म्हणत होते, "बरं हुतं, पर हसायला कुठं यायचं तेच कळंना!"

साहेब फळ्यापुढं उभं राहून मला बोलायला लागले. "अक्कल कुठं ठेवलीस? कागद बघून लिहिता येत नाही?" मी मान खाली घालून ऐकत होते. मान खाली होती म्हणून मला दिसलं. फळ्याच्या खालनं दोन छोटे पाय. गुलाबी चपला!

 तेवढ्यात चौगुले आप्पा आले आणि फळ्याला टेकून उभे राहिले, पाय फाकून. "बोला साहेब, बोला. मी पण ऐकतो. ही बाई लय चुकती!"

साहेब आणखी पाच मिनिटं बोलले. मला एक शब्द ऐकू आला नाही. नंतर आप्पांनी फळ्यामागं भडंगाची पुडी धरली तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

*

मेकअप रूममध्ये कपड्यांच्या पेट्यांमागं ती खेळत बसायची. एकदा पौराणिक नाटक होतं. राक्षसाचं काम करणारे एक धिप्पाड गृहस्थ. तोंड काळंनिळं, वर ही मोठी मिशी, खाली सुळे. तिथं बसून चहा पीत होते. मी दारातनं बघितलं तर आरोही बरोबर त्यांच्यापुढं उभी. आणि साहेब जिन्यातनं वर येतायत!

आता ही किंचाळणार. भोकाड पसरणार. साहेब पळत येणार. 

आरोहीनं राक्षसाकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमची मिशी चहात पडलीया."

किंचाळले ते गृहस्थ!

साहेब आत आले तवर पोरगी पेटीमागं गेली होती आणि राक्षस बशीतनं मिशी काढत होता.

*

सासूबाईंनी फोनवर बोलून बघितलं आणि मग एक दिवस न सांगता एसटीनं आल्या. थेट नाट्यगृहावर. हातात पिशवी, पिशवीत आरोहीसाठी नवा फ्रॉक. मी ओळखलं, न्यायलाच आल्यात.

"कुठाय पोर? कपडे भर तिचे."

"आत्या, थांबा तरी. च्या घ्या."

"च्या नगं. चारच्या गाडीनं जायाचंय."

 डोळ्यांत पाणी आलं, ते पुसत पुसत खोलीवर पिशवी भरायला गेले. परत आले तर सासूबाई नाहीत! तानाजीमामांनी त्यांना, "आवं, उन्हात कशाला थांबताय," म्हणून मागच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. आत बायकांसाठी लावणीचा कार्यक्रम चालू होता.

मी दाराशी पिशवी घेऊन उभी. चारची गाडी गेली. पाचची गेली. कार्यक्रम संपला, सगळ्या बायका बाहेर पडल्या आणि सगळ्यांच्या मागं तोंडाला पदर लावून सासूबाई.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरगी म्हैनाभर हितं." मग इकडंतिकडं बघून, "आन् मी आले हुते हे घरात सांगू नगंस."

दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "म्होरला कवा हाय?"

*

महिन्याभरानं नाट्यमहोत्सव होता. पाच दिवस पाच नाटकं, बाहेरनं परीक्षक, हॉलला नवा रंग. पहिल्या दिवशी रंगमंचाची पूजा. साहेब सोवळं नेसून नारळ फोडायला बसले. एकदा आपटला, फुटेना. दोनदा आपटला, फुटेना. सगळ्यांची तोंडं उतरली. पूजेचा नारळ फुटत नाही म्हणजे काय!  माझंच पाप भोवतंय, मीच साहेबांना फसवतेय, असं मनात आलं.

तिसऱ्यांदा आपटला तो हातातनं निसटला आणि गडगडत विंगेत, काळ्या पडद्यामागं गेला. त्या पडद्यामागं कोण होतं ते मला, मामांना आणि आप्पांना माहीत होतं.

कुणीतरी उठणार तेवढ्यात नारळ आपोआप गडगडत परत आला! साहेबांच्या पुढ्यात येऊन थांबला.

 साहेबांच्या अंगावर काटा. त्यांनी पडद्याकडं बघून कोपरापासनं हात जोडले. "आहे! इथं काहीतरी आहे!"

मामा म्हणाले, "व्हय साहेब. मला पण लय दिवसांपासनं वाटतंय."

मग नारळ एका दणक्यात फुटला.

*

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशीचं ऐका. नाटक चारला होतं. एका म्हाताऱ्याचं आणि त्याच्या दोन मुलांचं. मुलं घरावरनं भांडतात, बाप बघत बघत जातो. बापाचं काम करणारे अण्णा वयस्कर, प्रेमळ. नाटक बसवणारे सर मात्र लय कडक. तालमीत मुलांचं भांडण असं मोठ्यानं चालायचं की बाहेर रिक्षावाले वाकून बघायचे.

त्या दिवशी आरोहीचं अंग जरा कोमट होतं. तीनलाच पेंगायला लागली. विंगेमागं भिंतीला लावून एक कॉट दिसली, वर वाकळ. मी तिला त्या वाकळेत गुंडाळून झोपवली. बरं झालं, शांत झोपेल, असं वाटलं. मग मेकअप रूमचं पाणी भरायला गेले.

मी कॉटची चाकं बघितली नाहीत.

पहिला प्रवेश झाला, अंधार झाला. मी बादली ठेवून परत आले, हातानं चाचपलं. कॉट नव्हती!

रंगमंचावर लाईट आला. मधोमध कॉट. कॉटवर अण्णा. आणि अण्णांच्या कुशीत माझी आरोही.

मी धावले. मामांनी आडवा हात घातला.

"मामा, माझी पोर!"

"दिसतीया. आता हलू नगंस."

समोर गच्च भरलेला हॉल. पुढच्या रांगेत परीक्षक, त्यांच्या शेजारी साहेब. साहेबांची मान पुढं आलेली. ती जागी झाली तर? घाबरून पळाली तर? कॉटवरनं पडली तर? वर लाईटचे बार. मी मामांचा हात धरूनच उभी होते.

मोठा मुलगा तणतणत आला. बापाच्या कुशीत पोरगी बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. वाक्य विसरला.

अण्णा हळूच म्हणाले, "हळू बोल. पोर झोपलीय."

दुसरा मुलगा आला. त्यालाही तेच. आणि मग ते सगळं भांडण, जे महिनाभर ओरडून बसवलं होतं, ते दोघं दबक्या आवाजात भांडले. दात-ओठ खाऊन, पण हळू. "घर माझं." "तुझं कसं?" सगळं कुजबुजत. आख्खा हॉल पुढं वाकला. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी सर उभे होते, त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

शेवटी अण्णांचा हात कॉटवरनं खाली लोंबला. म्हातारा गेला. मुलं गुडघ्यावर बसली. हॉलमध्ये हुंदके ऐकू यायला लागले.

आणि आरोहीनं कूस बदलली. डोळे मिटूनच म्हणाली, "आजोबा, सरका की जरा."

अण्णा सरकले!

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. मी पळत जाऊन तिला उचललं. तोवर साहेब आत आलेच. "ही पोर कुणाची?"

मामा म्हणाले, "माझी नात." त्याच वेळी आप्पा म्हणाले, "माझी नात."

मी म्हणाले, "साहेब, माझी." एवढंच बोलता आलं. मनात पिशवी भरायला घेतली होती.

सर मधे आले. डोळे लाल. "शनिवारी साताऱ्याला हाच प्रयोग आहे. चारला. ही पोरगी पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं, बाहेरच्या टाळ्या ऐकल्या आणि छाती काढून म्हणाले, "घेऊन जा की! आमच्याच स्टाफची आहे!"

सर मला म्हणाले, "एक लक्षात ठेवा, बाई. तिला काही शिकवायचं नाही, काही सांगायचं नाही. नुसतं झोपवून आणायचं."

 शनिवारी तिला पहाटेच उठवलं, दुपारी झोप यावी म्हणून. साडेनऊला गाडी निघाली. आष्टा यायच्या आत तिचा डोळा लागला. मी हलवलं, गाणी म्हटली, खिडकी उघडली, तोंडाला पाणी लावलं. अण्णांनी गोष्ट सांगून बघितली, तर गोष्ट ऐकत आणखी गाढ झोपली. कराड गेलं. सगळी गाडी टाळ्या वाजवत होती, सर धरून. काही उपयोग नाही.

साताऱ्यात नाट्यगृहाच्या दारात गाडी थांबली. आरोहीनं डोळे उघडले, मस्त आळस दिला, सगळ्यांकडं बघून हसली आणि म्हणाली,

"आई, झाली माझी झोप!"