मशीनमध्ये हसणाऱ्या अक्का

"स्वल्प थांब बाळ, हसू येतंय," असं म्हणून अक्का पदर तोंडाशी धरायच्या. स्कॅनच्या खोलीत पदर नसे, आमचा निळा झगा असे. मग त्या झग्याची बाही धरायच्या.

मल्लेश्वरममधल्या आमच्या प्रयोगशाळेत घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन चालत. माणूस मनात शब्द जुळवतो तेव्हा मेंदूच्या कुठल्या भागात रक्त जास्त धावतं, ते मशीन टिपतं. अट एकच, डोकं हलता कामा नये. चामराजपेटच्या अक्का, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या, आम्हाला अगदी हव्या तशा होत्या. हसू तेवढं आवरत नव्हतं.

पहिल्यांदा मशीन घरघरायला लागलं आणि स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "आमचे हे असेच घोरायचे. ते गेल्यापासून घर कसं गप्प झालंय. बरं वाटलं ऐकून." आणि हसू. पडद्यावरचं चित्र विस्कटलं. गंभीर चेहऱ्याचा तंत्रज्ञ हसू दाबताना तुम्ही पाहिलाय? आमचा टेबलाखाली पेन शोधू लागला. मीही शोधायला वाकले.

दुसऱ्यांदाही तेच झालं. मशीनची वेळ मोठ्या मुश्किलीनं मिळायची. प्रोफेसर म्हणाले, "अजून एकदाच. नाही जमलं तर त्यांना सोडून देऊ."

तिसऱ्या वेळी केसांतले आकडे काढून माझ्या हातात देताना अक्कांची बोटं गार लागली.

"अक्का, भीती वाटते?"

"वाटते की. भीती वाटली की मला हसूच येतं. मंगलाष्टकं चालू असताना इतकी हसले, सासरचे घाबरले."

"मग राहू दे. घरी जा तुम्ही."

"नको. आत काय आहे ते बघायचंय मला. तू थांबशील जवळ?"

कानांत बोळे घालून मी थांबले, त्यांचे पाय हातात धरून. मशीन घरघरलं. अक्का निश्चल. मलाच त्यांच्या यजमानांचं घोरणं आठवलं आणि शेवटपर्यंत मी ओठ चावत उभी राहिले.

चित्र तयार झालं तेव्हा त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. "ह्यात मराठी कुठं, कन्नड कुठं?"

"बरंचसं एकाच जागी, अक्का."

"एकाच ओट्यावर दोघी?" त्या विचारात पडल्या. "सरी, बरंय. मोठ्या समजूतदार दिसतात."

प्रोफेसरांनाच आधी हसू फुटलं.

पुढे अक्का मुलाकडे सर्जापूर रोडला राहायला गेल्या. परत भेट नाही. अजून मला त्या दिसतात त्या दिवशीच्या, आमच्या फाटकाबाहेर, ऑटोत बसलेल्या. आम्ही दिलेलं मेंदूचं छापील चित्र ऑटोवाल्यापुढे धरून त्यावर बोट फिरवत कन्नडमध्ये समजावताहेत. तो पुरता मागं वळून बघतोय. मागं गाड्यांची रांग लागलीय, सगळे हॉर्न वाजवताहेत, आणि त्या दोघांना त्याचा पत्ताच नाही.