आबांचा कोरा चहा

आमच्या घरात दोन म्हशी होत्या आणि दोन मुलगे. म्हशींमध्ये भेदभाव नव्हता.

धरणगावजवळच्या आमच्या गावात रोज संध्याकाळी धार काढून झाली की आबा, म्हणजे माझे वडील, आम्हा दोघा भावांना ओट्यावर उभं करून पेलाभर दूध पाजायचे. पेले सारखे, दूधही सारखंच. धाकटा एका दमात पेला रिकामा करायचा आणि ओठांवरची पांढरी मिशी न पुसता आबांकडे बघायचा. आबा त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मी घोट घोट करत रेंगाळायचो. अर्ध्या तासात माझ्या पोटात गुरगुर सुरू व्हायची, पोट फुगायचं आणि मी टमरेल घेऊन पळत सुटायचो. मागे ओट्यावर हशा पिकायचा. "नखरा शे याना," आबा म्हणायचे. ती थाप मला कधी मिळाली नाही.

मला धाकट्याचा हेवा वाटायचा, हे आता पन्नाशीत लिहायला लाज कसली? तो दिसायचाही आबांसारखा. तीच उंची, तेच रुंद खांदे, पुढे मिशीसुद्धा तशीच. बाजारात अनोळखी माणूस त्याला थांबवून "तुम्ही अमक्याचे चिरंजीव ना?" असं विचारायचा. मी शेजारीच उभा असायचो. मला कुणी काही विचारत नसे. मी कुणाचा हे एकदा तरी कुणी न सांगता ओळखावं, एवढंच मला हवं होतं. खरं तर कुणी म्हणजे आबांनीच.

वर धाकटा भला होता, हा त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा. आबांची पाठ वळली की तो माझा पेला उचलायचा, गटागट प्यायचा आणि रिकामा करून माझ्या हातात द्यायचा. माझी सुटका व्हायची आणि त्याच्या अंगात आणखी एक पेला जायचा. उपकार करणाऱ्याचा इतका राग येतो हे मी तेव्हाच शिकलो.

वर्षातून एकदा मात्र आम्ही बरोबरीत असायचो. श्रावणात आमच्या भागातली देवी कानबाई घरी बसायची तेव्हा रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. ते रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. माझ्या नावाची मूठ धाकट्याच्या मुठीपेक्षा लहान तर नाही ना, हे मी आईच्या हाताकडे टक लावून बघायचो. मग पंगतीत रोटाबरोबर खीर यायची आणि माझी बरोबरी संपायची. आबांना मात्र खीर वाढली की नेमकी म्हशीला पाणी दाखवायची आठवण व्हायची. ते जे उठायचे ते पंगत आटोपल्यावरच परतायचे.

आबा दूध पीत नसत. सकाळ-संध्याकाळ गूळ घातलेला कोरा चहा आणि भाकरीबरोबर ताक, एवढंच त्यांचं. "पोरांना मिळावं म्हणून त्यांनी दूध सोडलंय," असं आई पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हळहळायचे. बापाने आपल्यासाठी सोडलेलं दूध मी टमरेलातून वाया घालवतो, असं वाटून मी आणखी शरमायचो.

पुढे धाकटा शेती बघू लागला आणि मी अमळनेरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो. उत्क्रांतीचा धडा आला की मी जिराफाची मान बाजूला ठेवतो आणि वर्गाला विचारतो, दूध प्यायल्यावर कुणाच्या पोटात गुरगुरतं? आधी कुणी हात वर करत नाही. मग मी माझा करतो. मग एकेक हात वर येतो. एकाच बाकावर बसलेल्या दोघांत एकाचा वर असतो, एकाचा खाली.

तान्हेपणी दूध सगळ्यांना पचतं, मी सांगतो. ते पचवणारं विकर मोठेपणी मंदावतं, ही माणसाची जुनी रीत. हजारो वर्षांपूर्वी काही ठिकाणी काही माणसांच्या जनुकांत एक बारीक बदल झाला आणि त्यांचं विकर चालूच राहिलं. गुरं पाळणाऱ्यांच्या वस्तीत ओढगस्तीच्या दिवसांत अशी माणसं जास्त तगली असावीत, त्यांची मुलं जास्त जगली असावीत, आणि बदल पिढ्यान् पिढ्या पसरत गेला. आईबापांपैकी एकाकडून तो आला तरी पुरतो. "म्हणजे मूळचा माणूस मी," मी म्हणतो, "आणि माझा धाकटा भाऊ ही मागाहून केलेली दुरुस्ती." वर्ग हसतो. मी मात्र मनातून हसत नसे. निसर्गाने त्याला निवडलं होतं, आणि आबांनीही.

मागच्या उन्हाळ्यात आबा खळ्यात पडले. मांडीचं हाड मोडलं. जळगावच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि मी रजा टाकून त्यांच्याजवळ राहिलो. धाकटा रोज सकाळच्या एसटीने घरच्या म्हशीचं दूध किटलीतून आणायचा. आबांच्या मानेखाली हात घालून, "आबा, ताकद येई," म्हणत तो त्यांना पेलाभर दूध पाजायचा आणि शेतीच्या कामाला परतायचा. आबा मुकाट्याने प्यायचे. मी कोपऱ्यातल्या स्टुलावरून बघायचो. इथेही थाप त्यालाच मिळणार, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी धाकटा गेल्यावर थोड्या वेळाने मी पेपर वाचत होतो आणि मला तो आवाज ऐकू आला. तो मी लगेच ओळखला. जन्मभर माझ्याच पोटातून ऐकत आलो होतो. आबांनी चादर मुठीत घट्ट धरली होती. मी भांडं आणलं, त्यांना उचललं, स्वच्छ केलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग ते भिंतीलाच सांगावं तसे बोलले. "मना पोटमा बी दूध ठरत नही, भाऊ. ल्हानपनपासून."

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"मना बाप माले समदासमोर हासे. तुनं तसं नको व्हवाले, म्हनीसन तुले पाजत व्हतू. पी पी करता सवय व्हई, असं वाटे." मग थांबून म्हणाले, "धाकलाले सांगू नको."

मला आनंद झाला. बाप कळवळत पडलेला आणि मला आनंद झाला, तो खोटा कसा म्हणू? हेच दरवर्षी वर्गात फळ्यावर काढून दाखवत होतो आणि घरातला कोरा चहा मला दिसला नव्हता. धाकट्याने मिशी घेतली, खांदे घेतले. आत, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, आबांचं जे होतं ते माझ्याकडे आलं होतं. त्याचं दूध पचवणं आईकडून आलेलं. आई साईसुद्धा बोटाने पुसून खायची.

सांगू नको म्हणाले होते, आणि मी एक दिवसही थांबलो नाही. दुसऱ्या सकाळी आबांचा डोळा लागलेला असताना धाकटा किटली घेऊन आला आणि पेल्यात दूध ओतू लागला. आबांना त्रास होतो एवढं सांगून भागलं असतं. मी तेवढ्यावर थांबलो नाही.

"त्यांना दूध पचत नाही. कधीच पचलं नाही," मी म्हणालो. "माझ्यासारखंच. मी आबांवर गेलोय."

त्याने आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आनि मी रोज पाजी ऱ्हायनू," तो हळूच म्हणाला. मग त्याने विचारलं, "मंग मी कोनावर गऊ?"

"मायवर," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला नवीन नव्हतं. ओट्यावर उभं राहून दुसऱ्याच्या पाठीवरची थाप बघताना ते मी इतकी वर्षं आतून सोसलं होतं. समोरून पहिल्यांदाच बघत होतो. ते बघायला मिळावं म्हणून मी आयुष्य काढलं होतं, आणि मला ते दोन क्षणही बघवेना.

"उद्या ताक आनसू," तो म्हणाला. मग हातातला पेला कुठे ठेवावा हे न सुचून त्याने तो तोंडाला लावला आणि लहानपणी मी प्यायचो तसा, घोट घोट करत, प्यायला.