साहेबांच्या जागी

आमच्या भिवंडीच्या पाणीखात्यात एक शिपाई होते. साहेबांना नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला जायचा कंटाळा, म्हणून ते दर वेळी यांनाच धाडायचे. हे तिथे साहेबांच्या नावाने सही करायचे, जेवायचे आणि खरोखर शिकून यायचे. मग टेबलावर चहा ठेवताना अदबीने विचारायचे, "चहाबद्दल आपला फीडबॅक?"

एकदा शहरातल्या टेमघर भागातल्या बायका रिकामे हंडे घेऊन कार्यालयात घुसल्या. साहेब मागच्या दाराने सटकले. यांनी बायकांना साहेबांच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसवलं. म्हणाले, "एकेकीने बोला. मी मधे तोंड घालनार न्हाय." तासभर त्यांनी नुसतं ऐकलं. मग पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला फोन लावला आणि हुबेहूब साहेबांच्या आवाजात झापलं. संध्याकाळी टेमघरला पाणी आलं.

या कामगिरीबद्दल प्रशिक्षण केंद्राने साहेबांना व्याख्यानाला बोलावलं. अर्थात गेले हेच. त्या दिवशी श्रोत्यांत मीही होतो.

"सगळं श्रेय माझ्या शिपायाचं," ते माईकवर म्हणाले. "तो नसता तर मी कोणीच नसतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "सर, त्यांचं नाव काय?"

त्यांनी माईक जवळ ओढला. मग साहेबांच्याच आवाजात म्हणाले, "नाव? ते कधी विचारलं नाही हो."

सगळे हसले. मी मान खाली घातली. बारा वर्षं एका कार्यालयात काढून त्यांचं नाव मलाही माहीत नव्हतं.