डाव्या गालावर तीळ

कोणताही कागद हातात आला की बाबूजी आधी तो उलटा करून मागची बाजू पाहत. मागे काही नसलं तरी पाहत. मग चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ नेऊन म्हणत, "पाहू, कागद काय म्हणते."

माणूस काय म्हणतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारकून असेल. माझ्या वाट्याला हा आला.

मी अमडापूरहून चिखलीला आलो तेव्हा हातगाडीवर कुलपं आणि कड्या-कोयंडे विकायचो. पुढे बसस्टँडजवळ नगरपालिकेचे गाळे निघाले, आणि त्या टेबलावर बाबूजी होते. माझा अर्ज पक्का होता. बाबूजींनी तो परत केला. का, तर एका दाखल्यावर माझ्या आडनावाची वेलांटी पहिली, दुसऱ्यावर दुसरी. "हे दोन माणसं झाले," म्हणाले. "तुम्ही यातले कोणते?" मी टेबल आपटून भांडलो. ते शांतपणे फायलीची नाडी बांधत राहिले. प्रतिज्ञापत्र करून आणेपर्यंत मुदत संपली आणि गाळा दुसऱ्याला गेला. माझं हार्डवेअरचं दुकान आजही गल्लीत आहे.

रिटायर झाल्यावर ते आमच्याच गल्लीत राहायला आले. बायको गेलेली, मुलगी अकोल्याला. रोज बरोबर कचेरीच्या वेळेला माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसत. मी त्यांना ऊठ म्हणालो नाही. पहिले सहा महिने चहाही विचारला नाही. ते रंगाच्या डब्यावरच्या बारीक अक्षरातल्या सूचना गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवत, आणि गिऱ्हाईक घाबरून डबा परत ठेवत असे.

त्यांच्या डाव्या गालावर, मिशीपासून दोन बोटं वर, मसुराएवढा तीळ होता. गोल, एकाच रंगाचा. कचेरीत भांडताना मी त्या तिळाकडेच बघून बोललो होतो, म्हणून तो पक्का लक्षात होता. नाहीतर दुसऱ्याच्या तिळाकडे कोण एवढं पाहतं? एका उन्हाळ्यात मला जाणवलं, हा तो तीळ नाही. टिपकागदावर शाई पसरावी तशी त्याची एक कड पसरली होती. वरचा भाग काळाकुट्ट, खालचा तपकिरी. दाढी करताना रक्त येई, खपली धरे, पुन्हा निघे.

"बाबूजी, हे डॉक्टरले दाखवून या."

"जलमापासून आहे."

"जलमापासूनचा असा नव्हता. मी पाह्यला आहे."

शेजारचा न्हावी म्हणाला, "चुना अन् सोडा लावा, आठ दिवसांत झडून जाईन." मी त्याच्यावर असा ओरडलो की तो वस्तरा घेऊन आत गेला. अमडापूरला माझ्या मामाने तळपायावरचा काळा डाग असाच चुन्याने जाळला होता. वरचा डाग गेला, खालचा रोग राहिला. दोन वर्षांत मामा गेला.

मामाचं हे सांगितल्यावर बाबूजींनी खरं कारण सांगितलं. "शेट, माझ्या सेवापुस्तकात ओळखीची खूण लिवली आहे, डाव्या गालावर तीळ. पेन्शनच्या कागदावरही तेच. उद्या तीळ काढला अन् हयातीच्या दाखल्याले गेलो, तर साहेब म्हणन, हा माणूस तो नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. ज्याने एका वेलांटीवरून माझी दोन माणसं केली, त्याला स्वतःचीही तीच भीती होती. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण माणूस मरत असेल तर बरं वाटून भागत नाही. हे सौद्याचं काम होतं, आणि ते मला येतं.

"बाबूजी, तीळ काय, चिखलीत हजार जणाले आहे. डॉक्टर कापन, टाके घालन, तिथं व्रण राहीन. कोणाचा व्रण कोणाले जुळत नाही. तिळापेक्षा पक्की खूण. वरून डॉक्टरचं सर्टिफिकेट, शिक्क्यानिशी."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "शिक्का गोल का चौकोनी?"

"तुम्ही म्हणसान तसा!"

"गोल पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बुलढाण्याच्या एसटीत होतो.

चामडीच्या डॉक्टर बाईंनी भिंगासारखं यंत्र लावून तीळ पाहिला. किती दिवसांत वाढला, खाजतो का, रक्त येतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. मग चपला काढायला लावून तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखंही पाहिली. आपल्या लोकांत हा रोग तिथं जास्त लपतो, म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"हा जाळायचा नाही, लेझरही नाही," बाई म्हणाल्या. "पूर्ण कापून काढू, आणि तुकडा तपासायला पाठवू."

इथे मी चुकलो. एका मालासोबत दुसरा गळ्यात मारला की भांडायचं, ही माझी सवय. "एकदा काढला की झालं ना, मॅडम? मंग तपासणी कायले? निघालेल्या तिळाले कोण विचारते? हे सगळं तुमचं अन् लॅबवाल्याचं..." माझा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असावा.

बाई काही बोलायच्या आत टेबलावर पडल्या पडल्या बाबूजी म्हणाले, "शेट, चूप बसा. तीळ काढला म्हंजे फक्त जावक रजिस्टरात नोंद झाली. आत काय होतं त्याचा अहवाल आल्याबिगर फाइल बंद होत नाही."

बाई हसल्या. "यांना बरोबर कळलं. जाळला असता तर तपासायला काही उरलंच नसतं."

बधिर करायचं इंजेक्शन, अर्धा तास, चार टाके. सहाव्या दिवशी टाके निघाले. सर्टिफिकेटावर शिक्का गोल होता.

दोन आठवड्यांनी अहवालाचं पाकीट आलं. त्या दिवशी ते बाकावर बसले नाहीत, सरळ दुकानात आले. पाकीट फोडलेलं होतं.

"शेट, तुम्ही वाचा."

इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

या माणसाचा कागद एकदा माझ्या हातात यावा आणि मी त्याला 'उद्या या' म्हणावं, असं मी कितीतरी वर्षं मनात घोकलं होतं. आता कागद हातात होता. मी डॉक्टर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, कॅन्सर आहे, पण वरच्या थरातच आहे, खोल उतरलेला नाही. आजूबाजूची थोडी कातडी अजून काढावी लागेल, ते अकोल्याला करा. पुढे दर काही महिन्यांनी दाखवत राहा. वेळेत आलात.

मी जसंच्या तसं सांगितलं. ते खिळ्यांच्या पोत्यावर बसले.

"म्हंजे राह्यतो मी?"

"राह्यता."

"मंग ठीक."

तुम्हाला वाटलं असेल, आता तरी ते गाळ्याबद्दल काही बोलले असतील. नाही बोलले. माझा राग होता तिथेच आहे. मी चहा मागवला.

माझं ऐकून तपासणी टळली असती तर काय झालं असतं, हे मी त्यांच्यासमोर कधी काढलं नाही. त्यांनीही नाही.

अकोल्याची शस्त्रक्रिया नीट झाली आणि मुलीने त्यांना तिथेच ठेवून घ्यायचं ठरवलं. पुढे ते पाच वर्षं जगले. गेल्या हिवाळ्यात गेले ते हृदयविकाराने. तीळ पुन्हा उगवला नव्हता.

सामान न्यायला चिखलीला येऊन ते परत अकोल्याला निघाले, त्या दुपारी मी स्टँडवर गेलो होतो. ते बसच्या डाव्या खिडकीशी बसलेले, ऊन नेमकं ताज्या व्रणावर. तिथे ऊन लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "बाबूजी, उठा तिथून! पलीकडं बसा!" मी खालून ओरडलो. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू येईना. अख्खी बस माझ्याकडे बघत होती. शेवटी मी खांद्यावरचा दुपट्टा काढून खिडकीतून त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो गालावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, दाढ दुखणाऱ्यासारखी, आणि बस निघाली.

दुपट्टा नवा होता. मी तो कधी मागितला नाही.