मास्तरांचं सायन्स आणि माझी मिरची

शोध चुकीचा निघाला की तो पुस्तकातून काढता येतो. पण तो छातीठोकपणे सांगणारा नवरा घरातच राहतो ना! म्हणून माझ्याकडे हे किस्से साचलेत. आमचे मास्तर विज्ञान शिकवून रिटायर झाले. त्यांच्या एका शोधापायी मी वर्षानुवर्षं मिरचीवाचून जेवले, तेव्हा थोडं बोलणारच.

*

पाळी गावातल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत. नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडल्या, तसे मास्तर भटजींना म्हणाले, "यात प्लूटो नाही! मागे पडलात तुम्ही."

पुढे शास्त्रज्ञांनीच प्लूटोला ग्रहांतून काढलं. त्या चतुर्थीला भटजी आले, पाटावर बसता बसता म्हणाले, "मास्तर, आमचे नऊच्या नऊ आहेत हां. तुमचे?"

*

एकदा निघालं, साजूक तूप वाईट, वनस्पती तूप उत्तम. घरात डबा आला. निरांजनात तेवढं मी साजूकच घालायचे. काही वर्षांनी कळलं, हृदयाला घातक ते वनस्पतीच! मास्तर गुपचूप डबा टाकायला निघाले.

म्हटलं, "टाका हो. घरात एकाचं तरी हृदय शाबूत राहिलं. देवाचं!"

*

इब्रामपूरच्या धाकट्या दिरांचं पोटाचं ऑपरेशन होतं. मास्तर म्हणाले, "अपेंडिक्स निरुपयोगी असतं रे, हातासरशी तेही काढून घे." दिरांनी काढलं.

परवा दीर पेपर नाचवत आले. अपेंडिक्सचा उपयोग असतो म्हणे! "दादा, माझं परत बसवून दी!"

*

आता मिरची. मास्तरांच्या पोटात अल्सर झाला. सायन्सने दोन आरोपी धरले, तिखट आणि काळजी. तिखट मी घालणार, काळजी मी देणार. छान! माशांचं लालभडक हुमण मिरचीवाचून पिवळं झालं. मी देवीला नवस बोलले, "हे बरे होईपर्यंत मिरची तोंडात घालणार नाही." वर्षं गेली, दुखणं काही हटेना. मास्तर रात्रंदिवस पोट धरून. माझा जीव टांगणीला.

शेवटी म्हापशाच्या तरुण डॉक्टरने पोटात कॅमेरा घातला. "जंतू आहेत. गोळ्यांचा कोर्स घ्या."

"आणि मिरची?" मी विचारलं.

"तिचा काही गुन्हा नाही, काकी. जुना समज तो."



कोर्स झाला, पोट खरंच बरं झालं. नवस फेडायला मी देवळात गेले. मागे वळून बघते तर मास्तर, काखेत नारळ!

तेच भटजी. म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर गोळ्यांनी बरे झालात ना?"

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं, नारळ पुढे केला आणि हळूच म्हणाले,

"हो. पण उद्या तोही शोध चुकीचा निघाला तर?"