अण्णांच्या रिपोर्टची पाळी

चौलच्या वाडीची वाटणी झाली तेव्हा चार भावांनी माडसुद्धा मोजून घेतले. विहीर तेवढी कापता येईना, म्हणून पाण्याच्या पाळ्या लागल्या. माझे वडील, अण्णा, सगळ्यांत थोरले. त्यांनी शेवटची पाळी मागून घेतली. थोरल्याने मागे राहिलं की भांडण होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी ज्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतो, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनाही वाटणीचा भारी सोस. प्रत्येक पेशंटची फाइल सिस्टिम वेगळी हवी. नुसता फोल्डर नव्हे. स्वतःचं कुंपण, स्वतःचं फाटक; ते उघडेपर्यंत आतलं काही वाचता येत नाही. अशा हजारो झाल्या. मशीन बंद पडून सुरू झालं की एकेक फाटक रांगेने उघडणार, आणि रांग वाढेल तसं प्रत्येकाला जास्तच वेळ लागणार. मी सांगून थकलो. "रोज कुठे बंद पडतंय?" म्हणाले.

एका सकाळी वादळी वाऱ्यात वीज गेली, बॅटरीही संपली. वीज आली, मशीन सुरू झालं, आणि तेवढ्यात धाकटे काका अण्णांना रिक्षातून घेऊन आले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा.

तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण वेळ थोडा आहे. मध्यंतरी विहिरीवर पडले होते ना? तेव्हा डोक्यात रक्तस्राव झाला असेल तर या इंजेक्शनने पुन्हा होईल, आणि तोंडी सांगितलेलं चालत नाही. तेव्हाच्या स्कॅनचा रिपोर्ट काढा."

घरची कागदपत्रं दमट हवेने केव्हाच खाल्ली होती. रिपोर्ट होता तो मशीनमध्ये. अण्णांचं फाटक आधी उघड, अशी आज्ञा मी दिली. तीही रांगेत मागे जाऊन उभी राहिली. बंद करून पुन्हा सुरू करावं तर सगळं पहिल्यापासून. मी स्क्रीनसमोर बसून राहिलो. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. बघता बघता इंजेक्शनची वेळ टळली.

दुपारनंतर रिपोर्ट उघडला. रक्तस्राव नव्हता, नुसता मुका मार. मोठे डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ, एकही फाइल गेली नाही." त्यांची गचांडी धरावीशी वाटली. धरली नाही; पगार तिथलाच.

अण्णांची वाचा गेली ती गेलीच. काकांनी आता पाण्याची पहिली पाळी त्यांना दिली आहे. पंपापाशी उभे राहून ते हाक मारतात, "दादा, आधी तू घे." अण्णा पडवीतून डावा हात हलवून खुणावतात, नको, आधी तुमचं होऊ दे. तेवढी खूण त्यांना अजून जमते.