साडूंचं कलम अकरा

गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, नालासोपाऱ्यातल्या एका टाइल्सच्या गोदामात बैठक झाली. विषय रुपये चौपन्न हजार फक्त. हजर माणसं पाच: आमच्या बास्केटबॉल संघाचे मालक, ज्यांचं हे गोदाम, गुडघ्याला पट्टा बांधून पाय टाइल्सच्या खोक्यावर ठेवून बसलेला आमचा खेळाडू डॉमनिक, त्याची बायको सिल्विया, संघाचा खजिनदार म्हणून मी, आणि माझे साडू. चौघांचा त्या रकमेशी काही ना काही संबंध होता. पाचव्याचा काडीचा नव्हता, आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा त्यानेच केला. नियमाच्या एका ओळीसाठी स्वतःच्या साडूला चारचौघांत "लाज वाटत नाही?" असं विचारणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याला साडू नसेल.

बास्केटबॉल म्हटलं की लोकांना वाटतं, हे गृहस्थ तरुणपणी खेळत असतील. छे! उंची पाच फूट तीन इंच. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, त्यात खांद्याच्या वर हात गेला तो फक्त पंख्याची धूळ झटकायला. बॉल जाळीत जातो की बाहेर, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांचं प्रेम आहे ते या खेळाच्या पगाराच्या नियमांवर. पहाटे साडेपाचला उठून ते अमेरिकेतले सामने लावतात आणि मैदानाकडे न बघता बाकावर बसलेल्यांकडे बघतात. कोट घालून बसलेला खेळाडू दिसला की खूश. "तो बघा, कोटातला. पायाला लागलंय. खेळत नाही, पण पगार पूर्ण. आणि तो पगार संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत मोजतात. मग बदली माणूस आणायचा कशातून? तर जखमी माणसाच्या निम्म्या पगारापर्यंत वेगळी सवलत. आहे की नाही बुद्धी?" हे सगळं पहाटे, मला फोन करून. मी एकदाच म्हणालो, "भाऊ, स्कोअर काय झाला?" त्यांनी फोन ठेवला.

हा नियम त्यांनी घरातही लावला. माशांना महिन्याची मर्यादा पाच हजार. एकदा आठशेची सुरमई आतून खराब निघाली. साडूंनी वही काढली. सुरमई जखमी धरायची, तिचे आठशे मर्यादेतच राहणार, आणि बदली मासा निम्म्या किमतीपर्यंत, म्हणजे चारशेपर्यंत, मर्यादेबाहेर आणता येईल. सबब बोंबील. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे सगळं ऐकून म्हणाली, "मर्यादा तुमची, चूल माझी," आणि त्या दिवशी पिठलं केलं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला सनईवाल्याला गालगुंड झालं तेव्हा तर कहर केला. बदली सनईवाला मी दीड हजारात ठरवला, तर हे मांडवात माझा हात धरून उभे. "मूळच्या माणसाचे तीन हजार कुठे आहेत?" मी म्हणालो, "तो वाजवणार नाही." म्हणाले, "गाल सुजला म्हणून त्याच्या घरी सगळ्यांची भूक कमी झाली का?" व्याह्यांसमोर शोभा नको म्हणून मी दिले. तीन हजारांची सनई मला साडेचार हजारांना पडली. तो राग माझ्या मनात होताच.

अशा माणसाच्या हातात आमच्या भागातल्या काही हौशी लोकांनी लीग सुरू करताना नियमपुस्तिकेचं काम दिलं आणि त्यांना नियमप्रमुख केलं. सहा संघ, सहा आठवडे, खेळाडूंना पैसे मिळणार. एका मालकाने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत म्हणून प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगाराची मर्यादा चार लाख, शिवाय प्रत्येक मालकाची एक लाख अनामत लीगकडे. साडूंनी एकतीस पानं लिहिली. कलम अकरा जखमी खेळाडूचं. डॉक्टरने हंगामभर बसायला सांगितलं तर पगार पूर्ण द्यायचा, तो मर्यादेत मोजायचा, आणि बदली खेळाडू त्याच्या निम्म्या पगारापर्यंत मर्यादेबाहेर घ्यायचा. पगार थकला तर तो अनामतीतून वळता करायचा. सहाही मालकांनी प्रत्येक पानावर सह्या केल्या. वाचलं मात्र कोणी नव्हतं. मी वाचलं होतं, कारण मला छापलेलं सगळं वाचायची सवय आहे.

डॉमनिक आमचा सगळ्यात मोठा खेळाडू, पगार बहात्तर हजार. वय चौतीस, वसईतल्या पापडीचा, एका शाळेत खेळाचा शिक्षक. सहा आठवड्यांची बिनपगारी रजा टाकून आला होता. अठरा हजार आगाऊ दिले होते, चौपन्न बाकी. दुसऱ्याच सामन्यात उडी मारून खाली आला आणि तसाच बसला. ओरडलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "गेला." डॉक्टरने सांगितलं, गुडघ्याचा अस्थिबंध तुटलाय, ऑपरेशन लागेल, या हंगामात खेळ विसरा.

मालकांनी नागपूरचा एक साडेसहा फुटी गडी हेरला. तो अठ्ठावन्न हजार मागत होता. कलम अकराप्रमाणे आम्हाला छत्तीस हजारांचाच माणूस घेता येत होता. यातून वाट काढायला मी रात्रभर जागलो नाही, अर्धा तास पुरला. संघाचा एकूण पगार तीन लाख शहाण्णव हजार, म्हणजे चार हजार शिल्लक. डॉमनिकने 'स्वखुशीने संघ सोडत आहे' असं लिहून दिलं तर त्याचे चौपन्न हजार मोकळे. चौपन्न आणि चार अठ्ठावन्न. रुपया इकडचा तिकडे नाही! मी कागद टाइप करून घेतला, आणि खरं सांगतो, मला त्या बेरजेचा अभिमान वाटला होता. सहीसाठी त्या रविवारी डॉमनिकला गोदामात बोलावलं. नियमप्रमुखांची मंजुरी लागते म्हणून साडूंनाही.

मालक गोड बोलले. "डॉमनिक, तू आपला माणूस आहेस. अठरा हजार तुझेच, परत मागत नाही. पुढच्या वर्षी बघू ना."

डॉमनिकने कागद वाचला. सिल्विया म्हणाली, "म्हंजे बाकीचे नाय देणार?"

"वहिनी, खेळला नाही तर कसे देणार? धंदा आहे शेवटी."

"तुमच्याचसाठी उडी मारली ना त्याने? घरी आंब्याच्या झाडावरना नाय पडला तो."

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ करून म्हणालो, "नियमात बसतं. खेळाडू स्वतः सोडून गेला तर कलम अकरा लागतच नाही."

तेव्हा साडू उठले. हातातली नियमपुस्तिका त्यांनी टाइल्सच्या खोक्यावर अशी आपटली की डॉमनिकचा पाय दचकला.

"खजिनदार, लाज वाटत नाही? तुम्ही वाचलंय कलम अकरा. न वाचणाऱ्याला मी माफ करेन. निम्मी सवलत मर्यादेच्या बाहेर का ठेवली? पुस्तिकेला वजन यावं म्हणून? जखमी माणूस संघाला नकोसा होऊ नये म्हणून ठेवली! त्याचे पैसे काढून बदली माणूस आणायचा म्हटलं तर उद्यापासून सगळा संघ त्याच्या मरणावर टपेल. आज तुम्ही टपलाच आहात. टाइप करून आणलंय!"

"भाऊ, आवाज कमी करा."

"करणार नाही. आणि शिल्लक चार हजार त्या छत्तीसमध्ये मिसळायचा विचार असेल तर तोही सोडा. तो खिसा वेगळा, हा खिसा वेगळा."

हा विचार मी खरंच केला होता. त्याचा जास्त राग आला.

डॉमनिकने कागद सही न करता परत दिला. मालकांनी चहा मागवला होता, तो कोणी घेतला नाही. मी महिनाभर साडूंशी बोललो नाही. बायकोला सांगून टाकलं की तुझ्या बहिणीचा नवरा माणूस नाही, परिशिष्ट आहे. शेवटी छत्तीस हजारांत चांदीपचा एक शेतकरी मिळाला. मनाने चांगला, पण पळताना रेडा पाणंदीतून यावा तसा यायचा. आम्ही उपांत्य फेरीत अकरा गुणांनी हरलो. मालकांनी खापर साडूंवर फोडलं, आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मला फोन केला. "त्या लंगड्याला काही द्यायचं नाही. त्याच्या घरी जा आणि पाच हजारांत सही घेऊन ये. तुझं बोलणं चांगलं आहे."

माझं बोलणं चांगलं आहे! पंचवीस वर्षं मी लोकांचे हिशेब तपासतो, एक पैसा कोणाचा खाल्ला नाही, आणि हा मनुष्य मला वसुलीवाल्यासारखा लंगड्याच्या दारात पाठवत होता. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्याची काही चूक नव्हती. पहिला कागद मीच नेला होता. अठ्ठावन्नची बेरीज करताना ते चौपन्न कोणाच्या घरातून येतात हे मी लिहिलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी खजिनदारपद सोडलं आणि साडूंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या. एक आकडा तपासायचा होता." महिनाभराचं भांडण तिथे संपलं. माफी मागायची मी तयारी केली होती, ती वाया गेली.

इकडे पापडीतल्या चार भल्या लोकांनी डॉमनिकच्या ऑपरेशनसाठी वर्गणी काढायचं ठरवलं. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर डबा फिरवायचा. साडू तिथेही पोचले आणि त्यांच्यावरच उखडले. "ऑपरेशनला काय द्यायचं ते द्या, पण या चौपन्नात एक रुपया घालायचा नाही. ती मदत नाही, पगार आहे. तुम्ही दया दाखवलीत की मालक सुटला!" लोकांना वाटलं, हा माणूस वेडा आहे. मलाही आधी तसंच वाटायचं.

मालकांची एक लाख अनामत लीगकडे होती. लीगच्या अध्यक्षांना ती अख्खी परत करायची होती, कारण पुढच्या वर्षी टी-शर्टवर टाइल्सची जाहिरात येणार होती. पण चेकवर दोन सह्या लागत, अध्यक्षांची आणि नियमप्रमुखांची, आणि चेकबुक साडूंच्या कपाटात. अध्यक्ष तीनदा त्यांच्या घरी आले. पहिल्यांदा हसत आले. दुसऱ्यांदा म्हणाले, "काका, जरा व्यवहार बघा." साडू म्हणाले, "व्यवहारच बघतोय. चौपन्न हजार डॉमनिकच्या नावाने, सेहेचाळीस मालकांच्या. दोन्ही चेक लिहून ठेवलेत, तुमच्या सहीचे वांधे आहेत." तिसऱ्यांदा अध्यक्षांनी सही केली, पेन तिथेच टाकून गेले.

पंधरा दिवसांनी समितीची सभा झाली आणि साडूंना एकमताने काढलं. कारण काय दिलं? 'लीगच्या वाढीला पोषक नसलेली वृत्ती'. हे वाक्य मी स्वतः इतिवृत्तात वाचलं आहे आणि आजही आठवलं की माझी कानशिलं गरम होतात. तीस वर्षांत ज्याने खात्याची टाचणीसुद्धा घरी आणली नाही, त्याची म्हणे वृत्ती. बरं, काढलं ते काढलं, लीग तरी चालवायची! पण जखमींना पैसे द्यावे लागतात हे कळल्यावर चार मालक गळाले. ज्यांना सहीपुरते नियम हवे होते त्यांना खेळही तेवढ्यापुरताच हवा होता. यंदा लीग झाली नाही.

एका रविवारी मी साडूंकडे बसलो होतो, तेव्हा डॉमनिक आणि सिल्विया आले. डॉमनिक काठीशिवाय जिना चढून आला होता. सिल्वियाने पिशवीतून केळीच्या सुक्या पानांत बांधलेल्या सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा काढून साडूंच्या पुढे ठेवला.

साडूंनी हात मागे घेतले. "नाही. खेळाडूकडून नियमप्रमुखाने काहीही घ्यायचं नाही. कलम सव्वीस."

"अवो काका," सिल्विया म्हणाली, "कुठले प्रमुख आन् कुठलं कलम? लीग हाय कुठं आता?"

ती हसून बोलली होती. पण मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मला वाटलं, आता साडू पुस्तिका आणायला उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी स्वतःच पुड्याचा दोरा सोडला, एक सुकेळं उचललं आणि हळूहळू खाल्लं.

"गोड आहे," ते म्हणाले. मग डॉमनिकला विचारलं, "गुडघा किती वाकतो?"

"नव्वदच्या वर जातो, काका. डॉक्टर म्हणाला, वर्षात खेळशील."

"वर्षात," साडू म्हणाले. "म्हणजे पुढच्या हंगामाला..."

शेवटी दिलेल्या रकमा अशा. डॉमनिकला चौपन्न हजार, चेकने. मालकांना सेहेचाळीस हजार परत. चांदीपच्या गड्याला छत्तीस हजार, तेही वेळेवर. नियमप्रमुखाला मानधन कधी ठरलंच नव्हतं. त्यांना सुकेळ्यांचा एक पुडा, वजन अंदाजे अर्धा किलो, त्यातली दोन मी खाल्ली.